ग्लेझच्या आधी: हातघडणीच्या भांड्यांची तयारी

मागील अंकात घरगुती विजेच्या भट्टीविषयी लिहिल्यानंतर वाचकांची पुष्कळ पत्रे आली. बहुतेकांची तक्रार एकच आहे: ग्लेझ म्हणजे झिलई मनासारखी बसत नाही. कोणाची ती गोळा होते, कोणाची गळून पडते, कोणाच्या भांड्यावर सुईने टोचल्यासारखी छिद्रे उरतात. पत्रलेखकांनी ग्लेझची कृती आणि मिश्रणाची प्रमाणे अगदी तपशिलाने कळवली आहेत. मात्र भांडे कसे सुकवले, किती भाजले, भाजल्यावर कोठे ठेवले आणि कोणी कसे हाताळले, याविषयी जवळजवळ कोणीच लिहिलेले नाही. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक दोषांचे मूळ या न लिहिलेल्या भागातच सापडते. म्हणून या वेळी ग्लेझची बादली बाजूला ठेवून त्याआधीच्या कामाविषयीचेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न (पुणे): मी चाकावर केलेले बारा वाडगे १००० अंश सेल्सिअसला भाजून घेतले, दोन महिने स्वयंपाकघरातील फडताळात ठेवले आणि नंतर एकाच बादलीतील ग्लेझमध्ये बुडवून १२२० अंशांना भाजले. आठ वाडगे उत्तम निघाले, पण चार वाडग्यांवर ग्लेझ जागोजागी मागे सरकून थेंबांसारखे गोळा झाले व मधली माती उघडी राहिली. ग्लेझ एकच असताना असे का व्हावे?

उत्तर: आपल्या प्रश्नातच उत्तर दडलेले आहे. ग्लेझ एक, भट्टी एक, भाजणी एक. तेव्हा फरक पडला असेल तर तो वाडग्यांच्या पृष्ठभागात. पहिल्या भाजणीनंतरचे भांडे, ज्याला स्टुडिओत बिस्क म्हणतात, ते अतिशय सच्छिद्र असते आणि जे मिळेल ते शोषून घेते. ग्लेझमधील पाणी ते शोषते म्हणूनच ग्लेझच्या भुकटीचा थर त्यावर धरतो. परंतु फोडणीचा तेलकट धूर, हाताचा घाम, हाताला लावलेले मलम हेही ते त्याच तत्परतेने शोषते. जेथे तेल मुरले तेथे पाणी शोषले जात नाही आणि ग्लेझचा थर वरवर टेकून राहतो. धुळीचे तसेच आहे: माती आणि ग्लेझ यांच्यामध्ये धुळीचा पापुद्रा राहिला की थराला धरायला जागा उरत नाही. भट्टीत ग्लेझ वितळू लागले की न धरलेला थर पृष्ठताणामुळे आक्रसतो आणि स्वतःभोवती गोळा होतो. आपले चार वाडगे बहुधा फडताळात सर्वांत पुढे किंवा सर्वांत वर होते.

यावरचा उपाय साधा आहे, पण तो दर वेळी करावा लागतो. बिस्क भट्टीतून काढल्यावर शक्य तितक्या लवकर ग्लेझ करावे. ते जमत नसेल तर भांडी झाकणाच्या खोक्यात किंवा स्वच्छ कापडात गुंडाळून, स्वयंपाकघरापासून दूर ठेवावीत. ग्लेझच्या आदल्या दिवशी प्रत्येक भांडे स्वच्छ, पिळलेल्या ओल्या स्पंजाने आतून-बाहेरून पुसावे आणि स्पंज वारंवार नव्या पाण्यात धुवावा. आतल्या तळाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण धूळ तेथेच साचते आणि डोळा तेथे सहसा जात नाही. कोरड्या फडक्याने झटकू नये. मातीच्या धुळीत सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षे फुप्फुसात गेल्यास सिलिकोसिस हा बरा न होणारा विकार जडतो. ज्या भांड्यात तेल मुरले असल्याची शंका आहे ते पुसून भागत नाही. असे भांडे पुन्हा बिस्कच्या तापमानाला भाजावे, म्हणजे तेल जळून जाते.

मी स्वतः हे एका अख्ख्या भट्टीची किंमत मोजून शिकले. हिवाळ्यात हात फुटतात म्हणून सकाळी खोबरेल तेल लावायची सवय होती, आणि त्याच हातांनी तीस पेले उचलून एकेक करून बुडवले. भट्टी उघडली तेव्हा प्रत्येक पेल्यावर अंगठा आणि तीन बोटे यांचे ठसे उघड्या मातीत उमटलेले होते. त्या दिवसापासून बिस्कला हात लावण्यापूर्वी मी साबणाने हात धुते, आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाकडून तसेच करवून घेते.

प्रश्न (रत्नागिरी): आपण सांगता त्याप्रमाणे भांडी धुऊनच घेतो, तरी पावसाळ्यात ग्लेझ तासन्‌तास ओले राहते आणि सुकताना त्याला भेगा पडून पापुद्रे निघतात. उन्हाळ्यात हा त्रास होत नाही.

उत्तर: भांडे धुणे आणि भांडे पुसणे यांत मोठा फरक आहे. नळाखाली धुतलेले बिस्क आतपर्यंत पाणी पिते, आणि पोट भरलेले भांडे ग्लेझमधील पाणी कसे शोषणार? मग ग्लेझ भांड्यात न मुरता नुसत्या हवेने सुकते, वरून आक्रसते आणि तडकते. कोकणातल्या आषाढ-श्रावणात तर न धुतलेले बिस्कसुद्धा हवेतली ओल ओढून जड झालेले असते.

त्या दिवसांत भांडी ग्लेझ करण्यापूर्वी भट्टीत ठेवून, झाकण किंचित उघडे राखून, ८० ते १०० अंशांना दोन-तीन तास तापवावीत आणि कोमट होईपर्यंत निवू द्यावीत. गरम भांडे बुडवू नये. आतील हवा आणि वाफ बाहेर पडताना थरात बुडबुडे उठवते. जाड भांड्यांची एक अडचण आणखी आहे. आतून ग्लेझ ओतून घेतले की तीच भिंत ओली होते आणि बाहेरचा थर नीट बसत नाही, म्हणून आतला भाग एका दिवशी व बाहेरचा दुसऱ्या दिवशी करावा. ग्लेझला पडलेल्या भेगा बारीक असतील तर सुकल्यावर बोटाने हलकेच चोळून बुजवता येतात. पापुद्रे सुटले असतील तर मात्र मोह टाळून सगळे ग्लेझ धुऊन काढावे, भांडे पूर्ण सुकवावे आणि पुन्हा आरंभ करावा. सुटलेल्या पापुद्र्यावर दुसरा हात मारून दोष झाकला जातो असे वाटते, परंतु भट्टीत तो जाड थर हमखास गोळा होतो आणि कधीकधी खालच्या फळीवर ठिबकतो.

प्रश्न (न्यू जर्सी): येथील सामुदायिक स्टुडिओत भाजणी शंकूंनी, म्हणजे भट्टीत ठेवायच्या आणि ठरावीक उष्णतेला वाकणाऱ्या मातीच्या लहान सुळक्यांनी मोजतात; बिस्क ‘शून्य सहा’च्या शंकूला आणि ग्लेझ ‘सहा’च्या शंकूला भाजतात. सुटीत नाशिकला आले की मी बहिणीच्या भट्टीत काम करते, पण तेथे सारे अंशांत मोजतात. ‘शून्य सहा’ आणि ‘सहा’ हे दोन आकडे एकच का नव्हेत? आणि बिस्क नेमके किती भाजावे?

उत्तर: या शून्याने पुष्कळांची भांडी बिघडवली आहेत. ओर्टन शंकूंच्या क्रमांकात पुढे शून्य असलेले आकडे उलटे चालतात: शून्य सहा म्हणजे सुमारे १००० अंश सेल्सिअस, शून्य चार म्हणजे सुमारे १०६०, आणि नुसता सहा म्हणजे सुमारे १२२० अंश. शंकू केवळ तापमान दाखवत नाही, तर तापमान आणि त्यात गेलेला वेळ यांचा एकत्रित परिणाम दाखवतो. म्हणून भट्टी हळू चढवली तर तोच शंकू थोड्या कमी अंशांना वाकतो. बहिणीच्या भट्टीत अंशांचे यंत्र असले तरी आत शंकू ठेवण्याची सवय दोघींनी लावून घ्यावी.

बिस्कसाठी १००० ते १०६० अंश ही मर्यादा बहुतेक स्टुडिओ-मातींना योग्य ठरते, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. माती हाताला कोरडी लागली तरी तिच्या कणांच्या रचनेत पाणी रासायनिक रूपाने बांधलेले असते, आणि ते साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान बाहेर पडते. ५७३ अंशांना मातीतील क्वार्ट्झचे कण एकाएकी प्रसरण पावतात, आणि निवताना त्याच अंशाला तितकेच आकुंचन पावतात. घाईने चढवलेल्या किंवा घाईने उघडलेल्या भट्टीत जाड तळांना तडे जातात ते पुष्कळदा येथेच. त्यापुढे ७०० ते ९०० अंशांच्या पट्ट्यात मातीतील सेंद्रिय अंश, म्हणजे कुजलेली मुळे, शेवाळ, कोळशाचे कण, जळून वायुरूपाने निघून जातात. हा शेवटचा टप्पा घाईने उरकला तर तो वायू आतच कोंडतो आणि पुढे ग्लेझ वितळून झाकण घातल्यासारखे झाल्यावर त्यातून वाट काढतो. सुईने टोचल्यासारखी छिद्रे उरतात ती त्यामुळे. ज्या वाचकांनी छिद्रांची तक्रार केली आहे त्यांनी ग्लेझची कृती बदलण्याआधी बिस्कची भट्टी या पट्ट्यात ताशी १०० अंशांपेक्षा हळू चढवून पाहावी आणि भट्टीची वायुवीजनाची खिडकी उघडी ठेवावी. लाल आणि काळसर मातीला हे विशेष लागू आहे.

आरंभही तितक्याच सावकाश करावा. भांडे पूर्ण सुकले आहे की नाही हे पाहण्याची जुनी रीत अशी की, ते गालाला लावावे. गार लागले तर आत पाणी आहे. असे भांडे १०० अंशांच्या वर गेले की आतील पाण्याची वाफ होऊन ते फुटते आणि शेजारच्या दोन-चारांना घेऊन जाते.

बिस्क जितके अधिक भाजावे तितके ते कमी शोषते आणि ग्लेझचा थर पातळ बसतो. जितके कमी भाजावे तितके अधिक शोषते, ग्लेझ जाड बसते आणि भांडेही हाताळताना कडांना सहज टवके उडतात. आपली माती कोठे आहे हे घरच्या तराजूवर कळते. कोरडे बिस्क तोलावे, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावे, वरचे पाणी टिपून पुन्हा तोलावे. ४०० ग्रॅमचे भांडे ४५२ ग्रॅम भरले तर त्याने ५२ ग्रॅम पाणी घेतले, म्हणजे शोषण १३ टक्के झाले. हा आकडा वहीत नोंदवून ठेवावा आणि पुढच्या भट्टीतही तो जवळपास तेवढाच यावा याकडे लक्ष द्यावे. मग ग्लेझचे एकच घट्टपण आणि बुडवण्याचे एकच मोजमाप वर्षभर चालते. कारखान्यातील बोन चायना याच्या अगदी उलट मार्गाने जाते. तेथे पहिलीच भाजणी १२०० अंशांच्या वर आणि ग्लेझची त्याहून खाली असते. पण अशा न शोषणाऱ्या भांड्यावर ग्लेझ धरवणे हे निराळे कसब आहे, आणि नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये असे मला वाटते.

प्रश्न (परभणी): आमच्या शेताजवळच्या ओढ्याची माती गाळून मी भांडी करतो. बिस्क छान निघते, पण आठवड्याभरात ठिकठिकाणी टवके उडतात आणि प्रत्येक टवक्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसतो. ग्लेझ केलेल्या दोन भांड्यांनाही हेच झाले.

उत्तर: तो पांढरा ठिपका म्हणजे चुना. मराठवाड्यातील काळ्या मातीच्या प्रदेशात चुनखडीचे खडे सर्वत्र सापडतात, आणि ओढ्याच्या गाळात त्यांचे लहान कण मिसळलेले असतात. भट्टीत चुनखडीचा कळीचा चुना होतो. भांडे बाहेर आल्यावर तो हवेतील ओल हळूहळू घेतो, फुगतो आणि वरच्या मातीला आतून ढकलून उडवतो. घराला चुना काढण्यासाठी कळी विरवताना ती कशी फुगते आणि तापते हे जुन्या माणसांनी पाहिलेले आहे. तेच येथे मोहरीएवढ्या जागेत घडते. ग्लेझ हे रोखू शकत नाही.

प्रथम मातीची परीक्षा करावी. वाळलेल्या मातीच्या चिमटीवर लिंबू पिळावे. ती फसफसली तर चुनखडी आहे. माती भरपूर पाण्यात कालवून खिरीसारखी पातळ करावी आणि ८० नंबरच्या जाळीतून गाळावी. ती सुती कापडावर किंवा विटांवर घट्ट होऊ द्यावी. कोरडी माती कुटून चाळल्याने काम होत नाही, कारण कुटताना चुनखडीचे खडेही फुटून चाळणीतून खाली उतरतात. पाण्यात माती विरघळते आणि खडा अखंड राहून जाळीवर सापडतो. माती सुकवण्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिसचा ठोकळा वापरत असाल तर त्याच्या कडा तपासाव्यात, कारण प्लास्टरचा कपचा मातीत मिसळला तर तोही असेच टवके उडवतो. एवढे करूनही शंका असल्यास बिस्क किमान दोन आठवडे तसेच ठेवावे आणि मगच ग्लेझ करावे. टवका उडायचाच असेल तर तो ग्लेझचे श्रम होण्यापूर्वी उडालेला बरा.

आपण पाठवलेल्या छायाचित्रात वाडग्याच्या कडेला पांढरट पट्टाही दिसतो. तो चुन्याचा नव्हे, लोण्याचा आहे. भिंतीला लोणा लागतो तोच. मातीतील विरघळणारे क्षार पाण्याबरोबर प्रवास करतात आणि जेथे भांडे आधी सुकते तेथे, म्हणजे काठावर आणि कानावर, साचतात. त्यावर ग्लेझचा रंग बदलतो, कधी बुडबुडे येतात. भांडी उपडी घालून, वरून प्लास्टिक झाकून संथ सुकवल्यास क्षार एका जागी गोळा होत नाहीत. माती कालवण्यासाठी खारट विहिरीचे पाणी वापरू नये. काळी माती तर सुकताना इतकी आक्रसते की तिच्या एकटीचे भांडे मी कधीच करणार नाही; तिच्यात बारीक वाळू किंवा ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीचा भरडा, मिसळावा.

प्रश्न (सांगली): गावच्या कुंभाराकडील तयार मडकी आणि कुल्हड आणून त्यांवर घरी ग्लेझ करता येईल का? त्यांत दही लावण्याचा विचार आहे.

उत्तर: आव्यात भाजलेली लाल मातीची भांडी साधारण ७०० ते ९०० अंश पाहिलेली असतात. बाजारात मिळणारी स्टोनवेअरची, म्हणजे उच्च तापमानाला भाजून घट्ट होणाऱ्या भांड्यांची, ग्लेझ १२०० अंशांच्या वर वितळतात, आणि तेथवर ही लाल माती, तिच्यातील लोहामुळे, फुगते, वाकते, प्रसंगी वितळून फळीला चिकटते. म्हणून १००० ते १०५० अंशांना पिकणारे, शिसेरहित ग्लेझच घ्यावे लागेल. आधी भांडे निवडावे. बाजारात मडके घेताना आपण टिचकी मारून वाजवतो तसेच येथेही करावे. खणखणीत न वाजणारे बाजूला ठेवावे. कुंभाराने दगडाने घोटून चमकवलेले भांडे घेऊ नये, कारण घोटल्याने कण मिटतात आणि ग्लेझला धरायला जागा राहत नाही. धुराने काळे केलेलेही घेऊ नये. त्याच्या अंगात कोंडलेला कार्बन ग्लेझमध्ये फोड आणतो. निवडलेले भांडे प्रथम ग्लेझशिवाय १००० अंशांना भाजून पाहावे आणि ते सरळ उभे राहिले तरच पुढे जावे.

दह्याविषयी मात्र मी स्पष्ट ‘नको’ असेच म्हणेन. कमी तापमानाची ग्लेझ पूर्वी शिशाच्या संयुगांनी बनत, आणि सुटी विकली जाणारी, माहितीपत्रक नसलेली भुकटी आजही विश्वासाची नाही. दही, चिंच, लोणचे, लिंबू यांतील आम्लाने शिसे अन्नात उतरते आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. ग्लेझ शिसेरहित असले तरी आतली माती सच्छिद्रच राहते. ग्लेझला बारीक भेगांचे जाळे पडले की त्यातून दह्याचे पाणी आत मुरते आणि वास धरते. दह्यासाठी कुंभाराचे साधे मडके जसे आहे तसेच उत्तम. पाण्याच्या माठालाही ग्लेझ करू नये, कारण पाणी झिरपून वाफ होते म्हणूनच माठ थंड राहतो.

प्रश्न (फोंडा): बिस्कची भाजणी टाळून कच्च्या भांड्यावर थेट ग्लेझ करता येते का? विजेचा खर्च निम्म्यावर येईल.

उत्तर: येते, आणि ही रीत जुनी आहे. खडेमिठाच्या झिलईचे पाइप आणि बरण्या एकाच भाजणीत होत; तेथे ग्लेझ लावायचेच नसते, भट्टी तापल्यावर आत मीठ टाकतात आणि त्याची वाफ मातीशी संयोग पावून चकाकी आणते. हाताने ग्लेझ लावायचे असल्यास ते मातीचा अंश भरपूर असलेले हवे, म्हणजे ते भांड्याबरोबर आक्रसते. शिवाय कच्चे भांडे पाण्याने विरघळू शकते, कान गळून पडतो, काठ ढासळतो. वर्षभर बिस्कवर हात बसल्यावर चार-दोन जाड भांड्यांवर प्रयोग करावा. तोवर खर्च वाचवायचा असेल तर बिस्कची भट्टी गच्च भरावी. ग्लेझ नसल्याने भांडी एकमेकांना टेकली, एकात एक ठेवली तरी चिकटत नाहीत. ग्लेझच्या भाजणीत ही सवलत नसते.

प्रश्न (ठाणे): कप बिस्कला देण्यापूर्वी सँडपेपरने गुळगुळीत करावेत का? आणि बुडाला ग्लेझ लागू नये म्हणून काय करावे?

उत्तर: घासण्याचे काम शक्य तितके ओल्या अवस्थेतच उरकावे. नखाने खूण उमटते पण बोटाने दबत नाही, अशा वेळी पातळ लवचीक पट्टीने पृष्ठभाग दाबून सपाट करता येतो आणि काठ ओल्या चामड्याच्या तुकड्याने गोल करता येतो. काठ गोल असणे महत्त्वाचे आहे. धारदार कडेवरून वितळलेले ग्लेझ मागे ओढले जाते आणि कपाचा काठ ओठाला खरखरीत लागतो. ग्रॉग असलेल्या मातीवर ओला स्पंज फार फिरवू नये. बारीक माती धुऊन जाते आणि खडबडीत कण वर येतात. तरीही सँडपेपर वापरावाच लागला तर तो बिस्कवर, पाण्याखाली धरून आणि मास्क लावून वापरावा, आणि नंतर भांडे पूर्ण सुकवावे.

बुडासाठी घरातील एखादी जुनी चिनी मातीची लोणच्याची बरणी उपडी करून पाहावी: बुडाची कड कोरी ठेवलेली दिसते, आणि झाकण जेथे बसते तो काठही पुष्कळदा तसाच. तेवढेच आपल्याला करायचे आहे. बुडाची कड आणि तिच्यावरचा दोन-तीन मिलिमीटरांचा पट्टा मेणाने रंगवावा, मेण सुकल्यावर भांडे बुडवावे आणि मेणावर राहिलेले ग्लेझचे थेंब ओल्या स्पंजाने टिपावेत. वाहणाऱ्या ग्लेझसाठी हा पट्टा पाच मिलिमीटरांपर्यंत वाढवावा. मेणाचा ब्रश चुकून भांड्याच्या अंगाला लागला तर पुसून निघत नाही. तेवढ्यासाठी भांडे पुन्हा बिस्कला भाजावे लागते, म्हणून मेण लावताना भांडे फिरत्या चाकाच्या मधोमध बसवून ब्रश एका जागी स्थिर धरावा आणि चाक हळू फिरवावे.